साहेबाची पाल

द्वारकाबाई : न्हाई म्हनले ना एकदा! बाळंतिनीच्या खोलीत ते जनावर न्हाई येनार. उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नको ती पेटी घेऊन.

हरीश : माय, काचेची हाय, जड हाय. आधी टेकवू तर दे. अन् जनावर म्हनू नको त्याला. लेपर्ड गेको हाय तो. साहेबाच्या पोरानं मुंबईहून आनलेला.

द्वारकाबाई : पाल हाय. जल्मभर पाली बघून राहिले मी. मुंबईहून आनली म्हनून का ती हरीन होती व्हय?

हरीश : पालीला पापन्या असतेत का? हा बघ कसा डोळे मिटतो. अन् भिंतीवर बी चढत न्हाई.

द्वारकाबाई : मंग तर पालीहून बी गेलेला. पालीला निदान भिंत तरी चढता येती.

मंजुषा : आत्याबाई, काय चाललंय? बाळ आत्ता कुठं झोपलंय.

द्वारकाबाई : काय चालायचं? तुझा नवरा साहेबाची पाल तुझ्या बाजंखाली शेकाय घेऊन आला.

मंजुषा : माझ्या बाजेखाली?

हरीश : आधी ऐकून तर घे. लोडशेडिंगनं लाइट गेली ती आता लवकर येत न्हाई. पेटीवरचा बल्ब बंद, खालची तापायची पट्टी बंद. बाहेरच्या खोलीत हीव वाजून राहिलं. अख्ख्या घरात ऊब म्हनली तर तुझ्याच बाजेखाली हाय, शेगडीमुळं. एका कोपऱ्याला पेटी सरकवली तर तुला काय तकलीफ?

मंजुषा : मला काही तकलीफ नाही. मी अन् बाळ बाहेरच्या खोलीत जातो. तुम्ही अन् पाल इथं निजा. आत्याबाई दोघांना डिंकाचे लाडू देतील.

द्वारकाबाई : ओव्याची धुरी बी देते. कानाला फडकं बांधते दोघांच्या.

हरीश : तुमाला चेष्टा सुचून राहिली. साहेबांनी विश्वासानं ठेवायला दिलाय. ऑफिसात एवढी मानसं, पन बोलावलं कोनाला? मला.

मंजुषा : बाकीच्यांनी नाही म्हटलं म्हणून. ग्यानबा शिपायानंसुद्धा नाही म्हटलं, त्याच्या बायकोनंच सांगितलं मला.

हरीश : ग्यानबाचं काय जातंय? बदलीच्या यादीत नाव माझं हाय. आष्टीला, पार बीडच्या पल्याड. साहेब म्हनले, 'हरीश, आम्ही सिमल्याहून येईपर्यंत तेवढं रॉकीला सांभाळ. तुझं बघू आपण.'

मंजुषा : 'बघू' म्हणाले.

हरीश : साहेब लोक 'बघू' म्हनले की झालंच समजायचं. अन् हे मी कोनासाठी करून राहिलो? तू ओली बाळंतीण. थोरलीची शाळा. माय काय कायमची सेनगावात राहनार न्हाई, तिला गावाकडं ढोरं हायेत. मी आष्टीला गेलो तर तुमच्याकडं बघनार कोन?

मंजुषा : इथं आहात तर कोण बघतंय? साहेब गेल्यापासून या खोलीत कशाला आलात ते सांगा. एकदा गरम पाण्याची पिशवी न्यायला, माझ्या कमरेखालची. एकदा जुनं लुगडं न्यायला, पेटीभोवती गुंडाळायला. बाळ तुमच्या डाव्या हाताला होतं. मान वळवली नाही तुम्ही.

द्वारकाबाई : अन् माझ्या देव्हाऱ्यातला लाल बलप कुठं हाय ते बी इचार त्याला. देव अंधारात बसलाय तिकडं.

हरीश : रातच्याला त्याला पांढरा उजेड चालत न्हाई, माय. दिवसा साठचा बल्ब, रात्री लाल. साहेबाच्या पोरानं समजावून सांगितलंय मला.

मंजुषा : झिरोच्या बल्बनं ऊब येते? मग मीही बाजेखाली तोच लावते. कोळसा तरी वाचेल.

हरीश : ऊब त्या पट्टीची, बल्बची न्हाई. त्याला सोताच्या अंगाची ऊबच नसती. खालून पोट शेकलं तरच खाल्लेलं पचतं. म्हनून पेटीची एक बाजू गरम ठेवायची अन् एक गार. जिथं बरं वाटंल तिथं जाऊन बसतो तो.

मंजुषा : नशीबवान आहे. आम्हाला कुणी विचारलं नाही कधी.

हरीश : कशाचा नशीबवान? खातच न्हाई काही. परसात फिरून रातकिडे धरले, तोंडाम्होरं धरले, ढुंकून बघत न्हाई. शेपूट बी बारीक झाल्यावानी वाटून राहिली. साहेब यायच्या आत हा मेला तर गेलोच मी आष्टीला.

द्वारकाबाई : शेपटी मोजून राहिला, बघ. पोराचं वजन किती भरलं ते इचार बरं याला.

मंजुषा : थांबा, थांबा. हे काचेला आतून काय चिकटवलंय?

हरीश : थर्मामीटर हाय.

मंजुषा : आपला? बाळाचा?

हरीश : साहेबांचा होता तो जीपमधून आनताना फुटला. मंग काय करू? साहेब म्हनले नव्वदच्या आसपास ठेव, फार वर गेला तर भाजून मरतो. मी बराबर ध्यान ठेवून हाय. कवा बी बघा, एकशे एक. लगेच बल्ब बंद करतो, पट्टी बंद करतो. तासाभरानं बघतो, तरी एकशे एक. मंग काय, बंदच ठेवतो.

मंजुषा : आत्ता किती आहे?

हरीश : एकशे एक.

मंजुषा : लाइट नाही, बल्ब नाही, बाहेर तुम्हाला कुडकुडायला होतंय. अन् त्या पेटीत एकशे एक?

हरीश : तेच तर मला कळून न्हाई राहिलं. ते म्हनतं गरम, अन् याला हात लावला तर बर्फ. म्हनून तर इकडं घेऊन आलो.

मंजुषा : झटकला होता का?

हरीश : कोनाला?

मंजुषा : थर्मामीटर. लावायच्या आधी झटकला होता का?

हरीश : झटकायचा कशाला?

मंजुषा : ऐकलंत, आत्याबाई?

द्वारकाबाई : मला त्यातलं काय कळतंय बाई. मी आपली कपाळाला हात लावून सांगते.

मंजुषा : अहो, तापाचा थर्मामीटर आहे तो. पारा एकदा चढला की आपोआप उतरत नाही, झटकून उतरवावा लागतो. ते एकशे एक पालीचे नाहीत, बाळाचे आहेत. सर्दीनं अंग तापलं होतं त्या दिवशी मी त्याच्या काखेत लावला अन् फळीवर ठेवला. तुम्ही तसाच उचलून नेलात. इतके दिवस पोराचा ताप बघून पालीचा बल्ब बंद करत होता तुम्ही.

हरीश : बाळाला ताप आला होता?

मंजुषा : आला होता. उतरला.

हरीश : मला कोनी सांगितलं न्हाई.

मंजुषा : सांगितलं होतं. तुम्ही परसात बॅटरी घेऊन रातकिडे धरत होता. 'हं' म्हणालात.

द्वारकाबाई : दोन लेकरांचा बाप, अन् थरमामीटर झटकाय ठावं न्हाई. कशाला शिकवलं रं तुला हिंगोलीत ठेवून?

हरीश : चुकलं माझं. आता काय करू ते तरी सांगा. थांबा! साहेबांचाच फोन हाय. कोनी बोलू नका. हां साहेब, नमस्कार साहेब… रॉकी? एकदम मजेत. उड्या मारून राहिला.

द्वारकाबाई : उड्या!

हरीश : न्हाई साहेब, माय हाय माझी, खोकून राहिली… जी?… कुत्र्याचं पिल्लू घेतलं? वा साहेब. छोटे साहेब खूश असतील… मंग रॉकीला… नको?… जी. जी. सोडतो कुठं बी… साहेब, ते माझ्या बदलीचं तेवढं… कधी?… निघायच्या आधीच?… न्हाई, तुमी म्हनले होते, बघू… जी. लांब असलं तरी काय, नोकरी हाय… जी साहेब. हॅपी न्यू इयर, साहेब.

(हरीश फोन खिशात ठेवतो.)

मंजुषा : बदलीवर सही करून गेले होते?

हरीश : हो. सही केली अन् मंग मला घरी बोलावून पेटी हातात दिली. चहा बी पाजला. आता पोराला कुत्रं पायजे, याला कुठंतरी सोडून दे म्हनले.

द्वारकाबाई : अन् तू त्याला हॅपी न्यू इयर म्हनला.

हरीश : माय, गप बस.

द्वारकाबाई : काहून गप बसू? त्यो तिकडं बरफात खेळून राहिला अन् माझं पोरगं हितं त्याच्यासाठी रातकिडे येचून राहिलं. एक शबुद तरी बोलायचा होता त्याला. जी साहेब, जी साहेब! तोंड हाय का काय हाय?

हरीश : सरक बाजूला. आत्ता नेऊन टाकतो याला कयाधू नदीच्या काठाला. मेला तर मरू दे.

मंजुषा : दार लावा ते. गार वारं आत येतंय.

हरीश : मंजू, सोड पेटी. आता कशाला सांभाळायचा याला? कामाचा न्हाई राहिला तो.

मंजुषा : काम झालं की फेकायचं. साहेबाकडून एवढंच बरं लवकर शिकलात. राग त्याचा आलाय तर त्याला बोलायचं होतं, फोन तुमच्याच हातात होता. या मुक्यावर कशाला काढता?

द्वारकाबाई : अगं, म्हंजे तू पाल ठेवून घेती का काय घरात?

मंजुषा : घरात नाही, आत्याबाई. ह्यांच्याबरोबर जाईल.

हरीश : आष्टीला?

मंजुषा : मग? आम्ही काही येत नाही तिकडं. थोरलीचं वर्ष निम्मं झालंय, अन् एवढ्याशा बाळाला घेऊन मी कुठं परक्या गावात खोली शोधू?

हरीश : मला न्हाई जमायचं एकट्याला. खरंच सांगतो, भ्याव वाटून राहिलं मला. घर सोडून एक रात काढली न्हाई मी लग्नापासून.

मंजुषा : म्हणून तर घेऊन जा म्हणते. संध्याकाळी कुलूप काढून आत गेलात की कोणासाठी तरी बल्ब लावावा लागेल ना.