साहेबांचा तपासलेला परिचय

धाकट्याची नोकरी गेली. पण दंतवैद्याच्या दवाखान्याबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर त्याच्यासोबत बसलेल्या त्याच्या ताईला हे ठाऊक नव्हतं, म्हणून तसं काही घडलंच नाही असं आपणही धरून चालू.

"काय रे, कालची ऑनलाइन परिषद कशी झाली?"

"छान. वक्त्यांचा परिचय मीच करून दिला."

"वक्ते म्हणजे तुझेच साहेब ना?"

"हो. मजकूर त्यांनीच लिहून पाठवला होता. म्हणाले, एकदा तपासून घे."

"मग?"

"तपासला. आम्ही प्रोग्रॅम तपासतो तसाच. जे चालत नाही ते काढून टाकायचं."

"अरे देवा! काय काढलंस?"

"दूरदृष्टी काढली. सर्व्हर बंद पडला तेव्हा ती कुठे दिसली नव्हती."

"आणि?"

"'सर्वांना सोबत घेऊन जाणारे' हे दोनदा होतं. दोन्ही ठिकाणचं काढलं."

"शेवटी उरलं काय?"

"नाव. तेवढंच वाचलं, आणि बाकीचं का काढलं ते कारणांसकट सांगितलं."

"सगळ्यांसमोर? साहेब काय म्हणाले?"

"पडद्यावर हललेच नाहीत. मला वाटलं, नेट गेलं."

"गाढवा, नोकरी आहे ना अजून?"

"सकाळीच गेली."

"आणि घराचा हप्ता तुझा काका भरणार? माफी माग आधी!"

"मागितली की, लेखी अर्ज पाठवून. ऐक. 'तरी सर्व श्रोत्यांनी सदर परिचय ऐकण्यापूर्वीच्या स्थितीत परत जावे, व अर्जदारास शक्यतो बढतीसह कामावर रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती.'"