बरगड्या दिसणारा घोडा

आपल्या चित्रशाळेच्या सन्माननीय अध्यक्षा वेइबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती यान गुरुजी, आणि गुरुजींकडून बोटांवर कुंचल्याची दांडी खाल्लेल्या माझ्या गुरुबंधूंनो, भगिनींनो,

गौरवपर बोला, असं मला बजावलंय. पण गुरुजींसमोर ताठ मानेनं बोलायला मला तोंड कुठाय?

घोडा म्हणजे यश, असं म्हणत आपण आठ घोड्यांचं चित्र घेतो आणि यश आत यावं म्हणून घोड्यांची तोंडं घराच्या आत वळवून टांगतो. गुरुजींना त्याचं हसू यायचं. एकदा वर्गात म्हणाले, "अरे, धष्टपुष्ट घोडा कोणीही काढेल. जुन्या चित्रकारांनी हाडं निघालेला काढला, तो प्रामाणिक माणूस. स्वतः झिजतो, लोकांना जगवतो. आणि तो गुबगुबीत कोण? लोकांचं खाऊन सुटलेला अंमलदार!" सगळा वर्ग पेंगत होता. मी वहीत उतरवून घेतलं.

बारा प्राण्यांची वर्षं फिरून येतात, तसं बारा वर्षांपूर्वीही यंदासारखंच घोड्याचं वर्ष होतं. याच सभागृहासाठी गुरुजींनी आठ घोडे काढले. सात दौडणारे आणि आठवा मान खाली घातलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. तेव्हाचे संचालक अंगानं चांगले भरलेले. मला खोलीत बोलावून म्हणाले, "काय रे ताओ, हा एकटाच उपाशी का?"

मला गुरुजींची जागा हवी होती. वही तोंडपाठ होती. मी अर्थ सांगितला. संचालकांनी कोट पोटावर ओढून घेतला.

महिन्याभरात गुरुजींची रवानगी चित्रं डकवायच्या खोलीत झाली. इतकी वर्षं ते दुसऱ्यांच्या चित्रांना खळ लावत राहिले आणि मी त्यांच्या खुर्चीत बसलो. तुम्ही मला 'गुरुजी' म्हणता ना, तेव्हा माझी कानशिलं तापतात. लाज वाटते हो, आजही वाटते.

परवा त्यांच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. गुरुजी ओट्याशी पिठाच्या पाऱ्या लाटत होते. मान वर न करता म्हणाले, "मला खळ लावायला धाडलं, त्याच दिवशी कळलं होतं."

"कसं, गुरुजी?"

"घोड्याचा अर्थ सांगितला, त्या तासाला जागा असलेला तू एकटाच होतास. बस, जेवून जा."

मी जेवलो.

बाईंनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. आजच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. संचालकांच्या खोलीत बोललो, ते मात्र कुणी पोटात घालू नका. गुरुजींनी ते बारा वर्षं एकट्यानं घातलंय.