दमणारा पुढे

वहिनी : पुढे व्हा भाऊजी. धाप लागलीय तुम्हाला.

भाऊजी : तुम्हीच व्हा हो, वहिनी. मी येतो मागून.

वहिनी : तुमच्याच घरातली रीत ना? दमणारा पुढे. लग्नानंतरच्या पहिल्याच चढावर ह्यांनी मला पढवली होती.

भाऊजी : बाबांचा नियम. लहानपणी कायम मी पुढे. दादा मागून ढकलायचा.

वहिनी : अजून किती आहे?

भाऊजी : शिखर? वीसेक मिनिटं. इथून चढ खडा आहे, पण...

वहिनी : शिखर नाही. ती जागा.

भाऊजी : ही काय, हा सपाट दगड. इथेच माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेला दादा. किती वेळा सांगू?

वहिनी : वर्षभर तेच ऐकतेय. आता खरं सांगा.

भाऊजी : म्हणजे?

वहिनी : परवा पोरीने ह्यांचा फोन उघडून दिला. त्या सकाळी तुम्हाला तीन फोन लावलेत ह्यांनी. मांडीवर डोकं असलेला माणूस फोन कशाला लावेल हो? बोला ना!

भाऊजी : वर रेंज नव्हती.

वहिनी : फोटो पाठवायला बरी होती! शिखरावरचे ढग, ऊन. खाली लिहिलंत, ‘दोघंही पोचलो.’ मी टाळ्या पाठवल्या, भाऊजी. टाळ्या!

भाऊजी : दादाच म्हणाला, तू हो पुढे. छातीत जळजळतंय, पित्त असेल. आणि ढग नुकते फाटले होते. थांबलो असतो तर सगळं झाकलं गेलं असतं. फोन वाजला तेव्हा वाटलं, उगाच घाई करतोय.

वहिनी : आणि खाली आलात तेव्हा?

भाऊजी : बसलेलाच होता. मी हाक मारली...

वहिनी : म्हणजे एकटेच गेले.

भाऊजी : तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी...

वहिनी : मला? स्वतःची कातडी वाचवलीत! जन्मभर ते तुमच्या मागून चालले. एक दिवस, एकच दिवस ते दमले!

भाऊजी : मारा मला हवं तर. पण आईला नका सांगू.

वहिनी : मी नाही सांगणार. आज घरी गेल्यावर तुम्हीच सांगायचं, माझ्यादेखत. ह्यांना काय म्हणून गेला होतात?

भाऊजी : ‘बस इथे, आलोच.’

वहिनी : मग बसा. मी शिखर बघून येते.

भाऊजी : एकट्या? वहिनी, थांबा, मला जरा दम खाऊ दे, मीही येतो...

वहिनी : बसा म्हटलं ना इथे. आलेच.