सोवळ्यातला राउटर

...आणि तो राउटर आता आमच्या देवघरात बसलाय हो! शाळिग्रामाच्या शेजारी, आठ हात वर करून! ह्यात माझी काय चूक, तुम्हीच सांगा... थांबा थांबा, आधी माफी मागायची राहिली. मागच्या भजनाला सेतुराममामा म्हणाले, "अनंतकृष्णा, पुढच्या खेपेला भजन आणि प्रसाद ह्यांच्यामध्ये तू काहीतरी म्हणायचंस." मी काय बोलणार? मान हलवली. म्हणून हे कागदावर लिहून आणलंय. माझी शाळा नववीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घाशी माझी ओळख नाही, शब्द साधे आहेत, त्यात आमची कुंभकोणमची मराठी ही अशी, घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की तमिळ, तेव्हा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी कृपा करून हसू नये. लिहिण्यातल्या चुका तुम्हाला ऐकू येणार नाहीत म्हणा, कागद माझ्या हातात आहे. पण कागद थरथरतोय, तो आवाज ऐकू येईल. त्याचीही माफी.

तर राउटर! तुम्हाला सांगतो, जुना होता तो काही वाईट नव्हता. केबलवाल्यानं दिलेला, एकच अँटेना, तापायचा, आणि आत्या त्याच्यावर वातींचा कापूस ठेवायची, छान कोरडा राहतो म्हणून. लक्ष्मीदेवी आत्या. अप्पा-अम्मा गेल्यापासून तिनंच आम्हा दोघांना वाढवलं, मला आणि सुप्रजाला. सुप्रजा माझी धाकटी बहीण, शिकलेली, बंगळूरच्या कंपनीत नोकरी, पण काम घरातून, मागच्या खोलीत दार लावून. आणि मी पितळी भांड्यांच्या दुकानात, तेही पुढे गल्ल्यावर नाही, मागे, पॉलिशला. मला ते बरं आहे. भांडी प्रश्न विचारत नाहीत. माणसं विचारतात! बँकेत विचारतात, डॉक्टरकडे विचारतात, लग्नाच्या पंगतीत केळीच्या पानावर भात वाढता वाढता विचारतात, "काय रे, अजून पॉलिशलाच का?" की मी सुप्रजाकडे बघतो आणि ती बोलते. लहानपणापासून असंच. मी मान हलवायची, तिनं बोलायचं. कोणी ठरवलेलं नाही, पण आहे.

आणि तिची मीटिंग चालू असताना तो जुना राउटर गेला. एकदा नाही, दोनदा! दुसऱ्यांदा तर तिचं तोंड उघडं असतानाच चित्र अडकलं, आणि अख्ख्या बंगळूरनं माझी बहीण जांभई देताना पाहिली! लगेच साहेबांचा फोन. मी दाराबाहेर कॉफी घेऊन उभा, साहेबांचा आवाज असा, की फोन नसता तरी इथंवर आला असता. "शुक्रवारी परदेशातले लोक बघायला बसणार आहेत, सुप्रजा. बोलायचं तुला आहे. एक शब्द जरी तुटला ना, तर घरून काम बंद. सामान बांधायचं आणि बंगळूरला यायचं!"

कॉफी निम्मी माझ्या पायावर. सुप्रजा बाहेर आली, म्हणाली, "अण्णा, मला ह्या आठवड्यात डोकं वर काढायला वेळ नाही. नवा राउटर तू आण. चांगला बघून आण."

मी! चांगला! बघून! अहो, राउटर काय पितळेचा असतो, टिचकी मारून नाद ऐकायला? दुकानात जायचं म्हणजे विचारायचं, आणि मुख्य म्हणजे नको म्हणायचं... मला आजवर कुणाला नको म्हणता आलंय? पण नाही आणला तर ती जाणार. आणि ती गेली तर माझ्याऐवजी बोलणार कोण? आत्या? आत्या बोलते, पण फक्त देवाशी आणि दूधवाल्याशी. मी काय बोलणार? मान हलवली.

आधी मध्वेशला फोन केला. माझा चुलतभाऊ, चेन्नईला कॉम्प्युटरमध्ये आहे, त्यामुळं त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. "ड्युअल बँड घे, अनंता, वायफाय सिक्स घे, सेव्हन आलंय, सेव्हनच घे, नाही, सिक्सच घे, हे बघ, पाच गिगाहर्ट्झ असतं ते वेगवान, पण भिंतीतून जात नाही, दोन पॉइंट चार असतं ते हळू, पण भिंतीतून जातं, समजलं?" मला एवढंच समजलं की एक मध्वेशसारखं आहे, भरधाव येतं आणि दारातूनच परत जातं, आणि दुसरं आत्यासारखं, सावकाश, पण कुठल्याही भिंतीतून आरपार. "समजलं ना रे?" मी मान हलवली. फोनवर! तो बिचारा बराच वेळ हॅलो हॅलो करत होता.

मग महामहम तलावाच्या कोपऱ्यावरचं दुकान. आत्या म्हणालेली, राहुकाळात घेऊ नको. मी राहुकाळ संपेपर्यंत बाहेर उभा राहिलो, आणि तो संपल्यावरही उभाच राहिलो, कारण खरं सांगू का, राहुकाळाचा तेवढाच आडोसा होता. शेवटी दुकानदारानंच हाक मारली. तो तमिळमध्ये बोलला, मी मराठीत सांगतो, फक्त तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, तेवढं त्याचंच ठेवतो. "तंबी, आत या की! उन्हात वाळवण घातल्यासारखे काय उभे? काय पाहिजे?"

"राउटर."

"घर केवढं?"

"लांब."

"लांब म्हणजे किती लांब?"

म्हटलं, "पुढच्या दारातून मीठ मागितलं तर मागच्या दाराशी ऐकू जाईपर्यंत सांबार उतरलेलं असतं."

"आणि भिंती?" मी हातानं जाडी दाखवली. तो माझ्या हातांकडे बघत राहिला, मोठा मासा दाखवावा तशी ती जाडी होती. मग काढले त्यानं एकेक! हा दोन अँटेनांचा. हा चार. हा सहा. आणि मग आतून आणला तो... काळा, आठ अँटेना, उताणा पडलेला खेकडा! "हा गेम खेळणाऱ्यांसाठी. वादळात पण हलणार नाही. गेम खेळता ना, तंबी?"

मी? मी आत्याबरोबर पल्लांगुळी खेळतो, लाकडी पाट, चौदा खळगे, चिंचोके, आणि त्यातही हरतो! मला नको म्हणायचं होतं हो. मनात स्पष्ट नको होतं. पण आमच्या इकडं मान हलते ती कशी, ठाऊक आहे ना? ह्या खांद्याकडून त्या खांद्याकडे. त्यात हो बसतं, नाही बसतं, बघू बसतं, जेवलात का तेही बसतं! मी नाहीची हलवली, त्यानं होची घेतली. "वॉरंटी वाढवून देऊ?" मी नाहीची हलवली. "वर हा दिवे लागणारा माऊस?" नाहीची! घरी आलो तो आठ अँटेनांचा राउटर, वाढीव वॉरंटी आणि दिवे लागणारा माऊस घेऊन. आत्या म्हणाली, "हे एवढे हात कशाला ह्याला?" मी काय बोलणार? मान हलवली.

पुढं ऐका. तार जोडायला माणूस आला, हातात फोन घेऊन घरभर फिरला. पुढच्या खोलीत ठेवला तर मागं पोचेना, मागं ठेवला तर तार पुरेना, स्वयंपाकघरात वाफ. शेवटी घराच्या बरोबर मधोमध थांबला आणि बोट दाखवलं. "इथं." कुठं? देवघर!

आत्यानं हातातली पळी खाली ठेवली. आमच्याकडे मडी म्हणतात, तुमच्याकडे सोवळं. आत्याच्या देवघरात मी न्हाल्याशिवाय, वाळलेलं धुवट नेसल्याशिवाय पाऊल टाकत नाही, आणि हा कोण कुठला, कुणाकुणाच्या हातातून आलेला! "ह्याच्या आत चामडं आहे का?"

"नसेल, आत्या."

"नसेल नको. विचार."

आता बघा माझी अवस्था! मी, फोन, आणि दुकानदाराला विचारायचं की राउटरमध्ये चामडं असतं का. तीन वेळा नंबर लावून ठेवून दिला, चौथ्यांदा त्यानंच उलटा फोन केला. मी एका दमात विचारलं. त्यानं परत विचारायला लावलं. मग म्हणाला, "तंबी... राउटर आहे तो, चप्पल नाही."

आत्याचं समाधान झालं. पण पाणी शिंपडून घ्यायचं म्हणाली! मी आडवा पडलो हो, अक्षरशः आडवा, "आत्या, पाणी नको, जळेल!" शेवटी पाणी फळीवर शिंपडलं, राउटरवर नुसतं तुळशीचं पान ठेवलं, आणि हुकूम निघाला: आता हा सोवळ्यातला. न्हाऊन, धुवट नेसून असेल त्यानंच शिवायचं. सुप्रजा म्हणाली, "आणि बंद पडला तर?" आत्या म्हणाली, "देवघरात कसा बंद पडेल?"

शुक्रवार! मी पहाटे विहिरीचं पाणी अंगावर घेतलं, धुवट नेसलो, आणि देवघराच्या दारात बसलो. हिरवा दिवा. मी दिव्याकडे बघतोय, दिवा माझ्याकडे. आणि त्यात मीटिंग बरोबर राहुकाळात! शुक्रवारचा राहुकाळ साडेदहाला लागतो, साहेबांची मीटिंगही साडेदहाला, जणू पंचांग बघूनच ठरवली. आणि थोडा वेळ आधी दारावर थाप. कोण? कुरियर. काय? वाढीव वॉरंटीचा कागद! सही करायला त्यानं स्वतःचं पेन पुढं केलं, मी घेतलं... झालं. सोवळं मोडलं. वळून बघतो तर दिवा लाल!

लाल हो! मागच्या खोलीतून सुप्रजा, "अण्णा! गेलं!" आणि मी उंबऱ्याच्या ह्या बाजूला, आत आत्या एकटी, पूजेला बसलेली.

"आत्या, मागचं बटण दाब!"

"कुणाच्या मागचं? देवाच्या?"

"राउटरच्या!"

"ह्याचं पुढचं कुठलं ते आधी सांग!"

"वायर आहे ती बाजू! दाब, दहापर्यंत मोज, मग परत दाब!" तिनं बोट नेलं... आणि थांबली. समोरच्या घड्याळाकडे बघितलं. "राहुकाळ लागला. आता काही सुरू करायचं नाही."

तुम्हाला सांगतो, मी आजवर आत्यापुढं आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. "आत्या, सुप्रजा जाईल! आपली सुप्रजा जाईल!"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग देवाकडे. मग त्या आठ हातांकडे. आणि म्हणाली, "हे सुरू करणं नव्हे. सुरू तो कालच झालाय. मेला पेंगलाय. पेंगलेल्याला उठवायला कसला राहुकाळ? तुला नाही का रोज उठवत?" आणि दाबलं! मोजणार कशी, तर "मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह..." माझा जीव वामनापाशी वर आला, परशुरामापाशी अडकला, "...बुद्ध, कल्की!" परत दाबलं. लाल. लाल. लाल... हिरवा!

तिकडं साहेब दोन मिनिटं उशिरा आले होते, कुणाला काही कळलंच नाही. मग मी मागच्या खोलीच्या दाराला कान लावून बसलो. इंग्रजी मला कळत नाही, पण तुटलेला शब्द कळतो. एक तुटला नाही. एक! सुप्रजा बोलत होती, धबधब्यासारखी, आणि मला वाटत होतं की हे मी बोलतोय. दार उघडून ती माझ्या गळ्यातच पडली, "अण्णा, तू जिंकलास!" आत्यानं पायसम केलं, राउटरलाही दाखवलं, लांबून.

आणि संध्याकाळी साहेबांचा फोन. "परदेशातले लोक इतके खूश आहेत! म्हणतात, हीच मुलगी पाहिजे. मोठं काम, मोठी जागा. फक्त... आता समोर बसावं लागेल. बंगळूरला."

आत्या म्हणाली, "म्हणजे? तुटलं असतं तरी बंगळूर, नाही तुटलं तरी बंगळूर?"

सुप्रजा माझ्यासमोर येऊन बसली. "अण्णा, जाऊ का? तू नको म्हणालास तर नाही जाणार." सवयीनं मी बाजूला बघितलं हो, माझ्याऐवजी कोण बोलतंय ते... तर बाजूला कोणी नव्हतं. विचारणारी तीच होती. मी काय बोलणार? मान हलवली.

ती बघत राहिली. माझी कुठली मान कुठली, हे अख्ख्या गावात तिलाच कळतं. "ही होची आहे ना, अण्णा?"

परत हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच दुकानात गेलो. बाहेर उभा राहिलो नाही, सरळ आत. दुकानदाराचा चेहरा उतरला. "काय झालं, तंबी? बिघडला का?"

म्हटलं, "छे, फारच चांगला चालला. अजून एक द्या. बहिणीसाठी. बंगळूरला."

"तिथं किती खोल्या?"

"एक."

"मग लहानातला लहान पुरे की! असून असून किती लांब पोचायला पाहिजे?"

म्हटलं, "इथं. कुंभकोणमपर्यंत."

तो तरी काय बोलणार? त्यानं मान हलवली. आता ती होची होती का नाहीची, जन्म ह्याच गावात गेला तरी मला कळलं नाही.