साळूबाईचं लिटरभर दूध

नाही, छातीठोकपणे नाही सांगता येणार, नीलमताई — साळूबाई तेव्हा हसली होती की नव्हती, मला नीट आठवत नाही. आठवतं म्हणावं, तर वाटतं ते नंतर मीच जोडलं असेल. चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, एका माणसाच्या साक्षीवर माझा विश्वास नाही — आणि तो माणूस मीच असेन तर मुळीच नाही. बसा हो. सही काय, कुठं पळून जात नाही. तालुक्याहून एवढ्या आलात, चहा तरी घ्या.

तर तुमची योजना — ज्येष्ठस्नेही गाव. सगळं दारात. छान आहे. आम्हीही केलं होतं ना, अकरा वर्षांपूर्वी! मी नुकताच पुणं सोडून इथं वडगाव रासाईला राहायला आलेलो — रिकामा आणि वर शिकलेला, म्हणजे गावाला धोकाच. रोज सकाळी बघायचो, सत्तरी ओलांडलेली माणसं हातात किटली घेऊन डेअरीला दूध घालायला निघालेली. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची चाळण केलेली. मी मोजलं — हो, घड्याळ लावून! साळूबाईला घरापासून डेअरीपर्यंत एकोणीस मिनिटं लागायची, वाटेत तीनदा टेकायची, आणि कशासाठी? लिटरभर दूध घालण्यासाठी! मग रांग, मग डेअरीच्या ओट्यावर तासभर गप्पा — तो तास मी ‘वाया’ या रकान्यात लिहिला. कागद अजून आहे. दाखवू? — नको, राहू दे.

डेअरीचे चेअरमन पोपटराव, त्यांना आकडे पटले. गाडी सुरू झाली, म्हाताऱ्यांचं दूध दारातून न्यायची. माझा सत्कार, शाल, नारळ, सगळं. पहिल्या दिवशी मी स्वतः गाडीत बसून गेलो. साळूबाई दारात उभी. म्हणाली, “सर, म्हंजी आता म्या कुठंच जायाचं न्हाई व्हय?” मी म्हटलं, “कुठंच नाही, साळूबाई!” — केवढ्या अभिमानानं म्हटलं! तेव्हाच ती हसली. किंवा नसेल हसली. आठ दिवसांनी गाडीवाला पप्पू म्हणाला, म्हातारीनं दूध घालणं बंद केलं. मी वहीत लिहिलं — वयोमानामुळे. शास्त्रीय वाटतं ना? महिन्याभरात ओटा ओस पडला. त्या ओट्यावरचाच हौसराव अजून टोमणे मारतो, “सर, तुमच्या गाडीनं पाय वाचलं, पर त्वांड गंजलं की!”

काय म्हणता? बीपीसुद्धा? नर्स घरी येऊन तपासणार? — नको. म्हणजे, अंथरुणाला खिळलेत त्यांना द्या, जरूर द्या, मला कशाला? मी जातो की उपकेंद्रात. सोमवारी, गुरुवारी... शनिवारीही. छे, त्रास कसला, एकशे वीस-ऐंशी, एकदम उत्तम. मग तीनदा कशाला — अहो, तिथं बाकडं आहे. हौसराव येतो. त्याचंही उत्तमच आहे. तो माझं बीपी विचारतो, मी त्याचं विचारतो, तेवढ्यात अकरा वाजतात — हे लिहू नका. लिहिलंत? खोडा. खोडा म्हणतो ना.

सही नाही करत मी. उद्धटपणा नाही, ताई, भीती वाटते — माझं चुकतही असेल, मागंही चुकलंच होतं. रस्ता नीट करा, वाटेत टेकायला कट्टे बांधा, उपकेंद्रात आणखी एक बाकडं द्या, सावलीत. माणसाला दारात काही आणून देऊ नका, त्याला जाऊ द्या. निघा आता, शिरूरची एसटी चुकेल. आणि मलाही — आज गुरुवार आहे.

ती हसली का, ते नाहीच सांगता येत. पण एक गोष्ट मी पडताळून घेतलीय, सहा वर्षांनी, ती गेल्यावर, तिच्या शेजारच्या धुरपदाला दोनदा विचारून. माझी गाडी सुरू झाली तेव्हा साळूबाईची म्हैस विकून दोन वर्षं झाली होती. ते लिटरभर दूध ती रोज सकाळी धुरपदाकडून विकत घ्यायची आणि डेअरीला नेऊन घालायची.