दोघांचं भांडं

हॅलो? मावशी? … हो, मीच. थांब, तू काही बोलू नकोस, आधी मला विचारू दे, नाहीतर माझी हिंमत जाईल. … तू तिथे डोंगरावर एकटी असतेस ना, तेव्हा रडतेस का?

…

हॅलो? आहेस ना? … अगं मी नाही गं, ह्या दोघींनी पैज लावली. टिल्ली आणि गुंडी, माझ्या वर्गातल्या. म्हणाल्या, तुझी मावशी रस्त्यांची मोजणी करत महिनोन्‌महिने तंबूत राहते, तिला विचारून दाखव. दाखवलं विचारून! … नको, नको देऊस उत्तर. सुटलीस. … ए, खिदळू नका गं, मला ऐकू येत नाहीये!

हं, बोल. … मी एकदम मस्त. आणि भिंगरी नको ना म्हणूस आता. अख्ख्या शाळेसमोर नाटकात मुख्य काम केलंय मी. एकदाही अडखळले नाही. … खरंच! शेवटच्या बाकापर्यंत आवाज. … बरं, ऐक ना, कामासाठी फोन केलाय. सुट्टीत आमचा कॅम्प आहे, तळ्याकाठी, आणि जेवणाचं खातं माझ्याकडे! … हसतेस काय? थर्मल कुकर घ्यायचाय. आई म्हणाली, मावशीला विचार, तंबूत तिच्याइतकं कुणी शिजवलं नसेल. … हो, आईच म्हणाली. … हो गं, स्वतःहून. काका गेल्यापासून पहिल्यांदाच तिने तुझ्या तंबूचं नाव काढलं. भांडी घासत होती, पाठमोरीच म्हणाली.

… बरं, तर दुकानात तीन आहेत. एक छोटा, एक मधला आणि एक हा एवढा, बादलीसारखा. मला बादली आवडलीये. … का नको? … आम्ही तिघी. … हो, तिघीच, पण गुंडी दोघींचं खाते. … आई गं! उशी फेकली तिने.

हो, हो, ते माहितीये मला. आतलं भांडं शेगडीवर खळखळून उकळायचं, मग बाहेरच्या डब्यात ठेवायचं, झाकण घट्ट, आणि आपण भटकायला मोकळे. विस्तव नाही, काही नाही, आपलं आपण शिजत बसतं. मग मोठा घेतला तर बिघडतं काय? … गळ्यापर्यंत भरलेलं पाहिजे? … अच्छा… म्हणजे धग सगळी त्या अन्नातच असते. डबा ती नुसती धरून ठेवतो. भांडं अर्धं रिकामं, तर लवकर निवतं… कोमट होतं… आणि कोमट राहिलं की नासतं. … वास पण येत नाही? मग कळायचं कसं? … पोटात गेल्यावर. ई!

… म्हणजे? तुला कसं माहीत? … तू? कधी? … उठताही येत नव्हतं? … मावशी! आणि तू आईला सांगितलं नाहीस!

थांब. थांब जरा. तू इतकी वर्षं त्यात शिजवतेस. तुला हे सगळं आधीपासून माहीत होतं. मग अर्धं भांडं का ठेवलंस? … कोणता कुकर आहे तुझा? … मधला. … तुमचा दोघांचा.

… ए, तुम्ही दोघी जरा बाहेर जाता का? … नाही, काही झालं नाहीये. जा ना गं. … हं, गेल्या. दार लावलंय. बोल.

… छोटा घे ना मग. … गेली होतीस दुकानात? … हातात घेतलास… आणि ठेवून आलीस. … हं. … नाही, वेडेपणा कशाला म्हणेन मी? … मग गळ्यापर्यंत भरून कर, खा हवं तेवढं, उरलेलं… हं. … हं. … रोज त्यांच्या वाटणीचं टाकायचं म्हणजे… नाही, कळतंय मला. कळतंय गं.

मला काका आठवतात ना. मागे आम्ही आलो होतो तेव्हा. तू यंत्रातून बघायचीस आणि ते पलीकडच्या उतारावर आकड्यांची ती उंच पट्टी धरून उभे. मुद्दाम तिरकी धरायचे! तू इकडून ओरडायचीस, “अहो, सरळ!” … हो, आणि ते कानाला हात लावून, ऐकू येत नाही म्हणून सांगायचे. … आता कोण धरतं पट्टी? … नवीन यंत्र? … एकट्यालाच चालवता येतं. छान. … नाही, छान नाही. उगीच म्हटलं.

… काय? … कशाचं उत्तर? … अगं सोड ना, ती पैज होती…

… झाकण उघडताना.

… हं. … आधी उघडलं की वाफेचा लोट यायचा, आणि त्यांचा चष्मा पांढरा व्हायचा. … आता उघडलं तर वाफच येत नाही.

…

नाही, रडत नाहीये. नाक चोंदलंय. … तूही पूस.

मावशी, तिथे खाट एकच आहे का? … दुसरी घडी करून ठेवलीये. आहे ना पण? मोडली नाही ना? … सहज नाही विचारत. मी येतेय. सुट्टीत. … कॅम्प राहू दे! तळं कुठे पळून जातंय? … त्या दोघी? रुसतील. पैजेचं आईस्क्रीम हरल्यात, ते माफ करते, मग बोलतील. … हो, आई नको म्हणेल. काका तिथेच, त्याच तंबूत गेले, म्हणून तिला तुझ्या डोंगराची धास्ती बसलीये. पण आज तिनेच मला फोन करायला लावला ना? … तिचं मी बघते. शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो माझा. … हो, हो, बटाटे सोलेन. पट्टी पण धरेन. … सरळच धरेन! … बघू.

मावशी, आवाज तुटतोय तुझा. … आज काय खाल्लंस? … मावशी? ताजं काही खा, ऐकतेस का? … हॅलो? … हॅलो?

गेली रेंज.

आई! बाबा! जरा इकडे या ना. … हो, झालं बोलणं. कुकर घ्यायचा नाहीये. मावशीकडे आहे एक, दोघांचा, आणि ती त्यात एकटीचं शिजवते. ते कोमट होतं, तेच खाते. आजारी पडली होती, चांगलीच, आणि तुम्हाला सांगितलं नाही तिने. … आई, आधी ऐक. सुट्टी लागली की मी तिच्याकडे जातेय. कॅम्पला नाही. … बाबा, मी विचारत नाहीये. सांगतेय. … या ना, तुम्हीच या सोडायला. एक दिवस जेवा सगळे. पण दुसऱ्या दिवशी निघा हं दोघं. त्या भांड्यात दोघांचंच बसतं.