औषधाची कंपनी प्रल्हादनं काढली

माझा जन्म कुरुंद्याचा. घरी हळद, बापाच्या आधीपासून हळद. शिजवायची, वाळवायची, ढोलात फिरवून पालिश करायची, दुसरं काही आमाला येत नव्हतं. आन् प्रल्हाद आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला, माझ्याहून लहान, औषधाचं शिकून शहरात नोकरीला लागलेला. एक दिवस घरी आला आन् म्हणला, दादा, आपली हळद बाहेर जाते आन् मलम होऊन परत येते, ते आपणच काहून करू नये? मी म्हणलं, कर की, गोदाम माझं घे. तर काय सांगू तुम्हाला, या भागातली पहिली औषधाची कंपनी आमच्या हळदीच्या गोदामात निघाली. डोकं त्याचं, कष्ट त्याचे, माझी नुसती जागा. पण गाव मलाच मालक म्हणायचं, आन् मीबी कधी न्हाई म्हणलो न्हाई.

प्रल्हादचा नेम व्हता, प्रयोगशाळेतून तपासून आल्याबिगर हळद मलमात घालायची न्हाई. मी चेष्टा करायचो, अरे, सोयरीक जमवून राहिला का हळदीची, एवढी चौकशी? आमी हळदवाले, हळकुंड तळहातावर घासायचं, पिवळंजर्द उतरलं की माल चोख, ही आमची परीक्षा.

त्याचा सासरा आखाडा बाळापूरला वारला, तो तिकडं गेला आन् मागं माल कमी पडला. मी घरची हळद घातली. तळहातावर सोन्यासारखी उतरली हो. पण चमक यावी म्हणून पालिश करताना ढोलात पिवळा रंग टाकायचे, सगळेच टाकायचे, तो विषारी असतो हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. प्रल्हाद परत आला, मलमाच्या कागदावर सही करायच्या आधी त्यानं विचारलं, दादा, तपासणीला पाठवली व्हती न्हवं? मी म्हणलं, व्हय. त्या एका व्हयवर त्यानं सही केली.

सरकारी तपासणीत मलमात रंग सापडला. साहेब आले, म्हणले, सही कुणाची? प्रल्हादला तेव्हाच समजलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी खाली बघत राहिलो. मंग तो म्हणला, साहेब, सही माझी हाय. त्याचं लायसन गेलं. बाळापूरला सासुरवाडीला जाऊन राहिला, पण औषधात रंग घालणारा म्हणून त्याला कुणी दुकानातबी उभं केलं न्हाई. तिथंच वारला. मी मातीला गेलो, सगळ्यांच्या मागं उभा राहिलो.

आता कंपनी माझा पोरगा बघतो. गेटवर संस्थापक म्हणून माझा फोटो लावायचं ठरलं, तवा मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणतो, बाबा, या वयात जुनं काहून उकरून राहिले? मंग मी बाळापूरला प्रल्हादच्या बायकोकडं, शांताबाईकडं गेलो, हात जोडले. ती रडली न्हाई. म्हणली, मला ठाऊक हाय, ते म्हणायचे, दादा एक दिवस स्वतः बोलतील. पण माझ्या लेकीला शाळेत पोरी रंगवाल्याची पोरगी म्हणायच्या. माझ्यापुढं हात जोडून काय उपेग? चार लोकांत बोला.

उद्या फोटोचा कार्यक्रम हाय, मायलेकी येणार हायत. तुमी हे बराबर लिहून घ्या. माइकपुढं माझी वाचा बसली तर तुमी वाचा, पण मोठ्यानं वाचा. प्रल्हादचं लेकरू मागच्या खुर्चीवर बसलेलं असंल.